उजेडाची वेळ

सकाळचा उजेड दुकानात कधीच सरळ येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढे, तिथल्या पाण्याच्या टाकीशी काही वेळ रेंगाळे, मग एकेक मजला उतरत त्या इमारतीच्या फिकट भिंतीवर पसरे, आणि भिंतीला पुरून उरला की रस्ता ओलांडून या खिडकीत येई. तोवर त्याचं सगळं तिखटपण वाटेत गळून गेलेलं असे. आधी काचेवर रंगवलेल्या अक्षरांच्या कडा उजळत. मग कापायच्या टेबलाचा जवळचा कोपरा, जिथलं लाकूड तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. मग खडूची भुकटी. ती रात्रभर नाहीशी झालेली असे आणि आता कुणीतरी नुकतंच पीठ चाळून गेल्यासारखी दिसू लागे. मोठ्या कात्रीच्या एका पात्यावर बारीक रेघ उमटे, दुसरं पातं अजून अंधारातच. टाचण्यांची उशी, इस्त्रीच्या फळीवरचा जुना तपकिरी डाग, दोऱ्याच्या रिळांची रांग, तिच्यातला काळा आणि गडद निळा वेगळे व्हायला सर्वांत जास्त वेळ लागे. शेवटी तो भिंतीशी उभ्या असलेल्या बिनडोक्याच्या पुतळ्याच्या खांद्यावर पोहोचे आणि थकलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकावा तसा तिथे स्थिर होई.

हा उसना उजेड पाहूनच आजोबांनी ही जागा घेतली होती. थेट उन्हात सगळेच रंग बढाया मारतात आणि दिव्याखाली सगळेच लाजतात, असं ते म्हणत. खरं बोलतं ते कापड फक्त उसन्या उजेडात. म्हणून साडेसात ते नऊ हा दीड तास घरात ‘उजेडाची वेळ’ म्हणून ओळखला जाई. या वेळेत मशीन चालायचं नाही, इस्त्री तापायची नाही. फक्त पाहायचं. दोरा जुळवायचा, डाग शोधायचे, आणि गेली वीस वर्षं, म्हणजे बाबांचं नाव झाल्यापासून, लोकांनी आणलेले महागडे कपडे खरे की नकली हे सांगायचं.

आज टेबलावर एकच कोट होता. करड्या रंगाचा, अंगात बारीक पांढरे पट्टे, मानेखाली आत एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नावाचं काळं रेशमी लेबल. बाबांचा धाकटा मुलगा सहा वाजल्यापासून त्याच्यासमोर बसला होता. त्यानं कोटाला हात लावला नव्हता. उजेड बाहीपर्यंत आला, खिशापर्यंत आला, आणि आता लेबलाकडे सरकू लागला, तेव्हा त्याला वाटलं की उठून खिडकीचा पडदा ओढावा. पण या खिडकीला पडदा कधी नव्हताच.

कोट ग्रंथपाल बाईंचा होता. खरं म्हणजे त्यांच्या मुलीचा. मुलगी शिकून वकिलाच्या कचेरीत लागली, तेव्हा बाईंनी तिला एक तरी नावाजलेला कोट घ्यायचा म्हणून याच दुकानाच्या पुढच्या भागातून, थोरल्या भावानं मांडलेल्या तयार कपड्यांच्या कपाटातून, तो घेतला होता. घेण्यापूर्वी त्यांनी तो बाबांपुढे ठेवला होता. बाबांनी हात फिरवून “खरा आहे, घ्या” म्हटलं होतं. दोन महिन्यांनी कचेरीतल्या एका ज्येष्ठ वकीलबाईंचा तसाच कोट शेजारच्या खुंटीवर आला. दोन कोट शेजारी शेजारी लटकले आणि जे व्हायचं ते झालं. कुणी काही बोललं नाही म्हणे, फक्त हसले. मुलीनं तो कोट परत अंगाला लावला नव्हता. काल संध्याकाळी बाईंनी तो घडी करून आणून ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “उद्या उजेडाच्या वेळी येते. तुम्हीच पाहा आणि तुम्हीच सांगा. तुम्ही खरा म्हणालात तर मी मुलीला सांगेन की हसणारे मूर्ख आहेत.”

बाबा रात्री जेवले नव्हते.

जिन्यावर पावलं वाजली. घर दुकानाच्या वरच होतं, आणि कोण उतरतंय हे पायरीच्या आवाजावरून कळे. तिसऱ्या पायरीवर क्षणभर थांबणारी ती आत्या. बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर वयाच्या तिशीत माहेरी आली ती पुन्हा गेली नाही. काजं आणि अस्तरं तिची. धाकट्याला सुई धरायला तिनंच शिकवलं होतं. तिनं कोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि नेहमीच्या खुर्चीवर बसत म्हणाली, “झोपला नाहीस वाटतं, सोन्या.”

तो म्हणाला, झोपलो होतो.

“हो, डोळ्यांवरून दिसतंयच.”

मग वहिनी चहाचा ट्रे घेऊन उतरल्या आणि त्यांच्यामागे थोरला, आंघोळ करून, केस चापूनचोपून बसवून, जणू गिऱ्हाईक आलंच आहे. थोरल्याचं एक बरं होतं. घरावर कितीही काळे ढग आले तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. त्यानं कोट एका बोटानं सरळ केला आणि हलक्या आवाजात आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. म्हणणं साधं होतं. बाईंना दुसरा कोट द्यायचा, नवा, चांगला, आणि विषय मिटवायचा. पण बाबांनी ‘नकली’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो शब्द या टेबलावरून एकदा उठला की दुपारपर्यंत रस्त्याच्या टोकाला पोहोचेल.

वहिनींनी विचारलं की दुसरा कोट कुठून देणार, याच गठ्ठ्यातला? थोरला त्यांच्याकडे पाहतच राहिला. आजवर दुकानाच्या बाबतीत वहिनींनी नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द टाकला नव्हता. त्या कपात चहा ओतत राहिल्या आणि वर न पाहता म्हणाल्या, “मी आपलं विचारलं. त्या मुलीच्या जागी आपली असती तर, एवढंच मनात आलं.”

“आपली मुलगी सात वर्षांची आहे.”

“मोठी होतातच की.”

आत्या खाकरली. तिचं खाकरणं म्हणजे अर्धा निकाल असे.

थोरला मग धाकट्याकडे वळला. बाबांना आता स्पष्ट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते विषय बदलत. वर्षभर ते कपड्यावर हात फिरवत आणि पाहायचं काम धाकट्याचे डोळे करत. ते विचारत, हा सांगे. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटे, म्हातारा मुलाला शिकवतोय. “छोट्या,” थोरला म्हणाला, “बाबा तुलाच विचारणार. तू जे सांगशील तेच ते बोलतील. फार काही नको. जेवढं विचारतील तेवढंच सांग, मागच्या वेळेसारखं.”

मागच्या वेळेसारखं. धाकट्याला तो शब्द टाचणीसारखा लागला. मागच्या वेळी बाबांनी विचारलं होतं, “अस्तराची शिवण?” आणि तो म्हणाला होता, “सरळ आहे.” ती सरळ होतीच. “बटणांना मान आहे?” आहे, म्हणजे दोऱ्याची ती छोटी दांडी, जिच्यामुळे बटण कापडाला घासत नाही, तीही होती. “लेबल?” बाबांनी स्वतःच अंगठा फिरवला होता आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. “वा,” ते म्हणाले होते, “हात आहे हा.” पट्ट्यांबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता. हे त्यानं गेले दोन महिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या वाक्याची कड आता वापरून वापरून बोथट झाली होती.

बाबा उतरले तेव्हा पावणेआठ झाले होते. एक हात कठड्यावर, एक हात भिंतीवर. टेबलाशी आपल्या जागी बसले, चहाचा कप बाजूला सारला आणि सगळ्यांचा अंदाज घेत मान वळवली. “सगळी हजर आहेत म्हणजे. एवढी माणसं तर माझ्या लग्नाच्या कपड्यांच्या मापालाही जमली नव्हती.”

भिंतीवर त्यांच्याच हातानं लिहिलेला एक पुठ्ठा होता, कडा पिवळ्या पडलेला; गिऱ्हाइकं तो उभ्यानं वाचत आणि काही जण उतरवून घेत. *कपडा आधी उलटा करा. सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली असते.* त्याखाली बाकीचं होतं. शिवणीवर आणि खिशाच्या झाकणावर पट्टे जुळतात का पाहा, नकली माल करणाऱ्याला कापड वाया घालवणं परवडत नाही. चेन तीनदा ओढा. बाहीच्या टोकाशी अस्तर शिवलंय की चिकटवलंय, ते नखानं तपासा. पक्कं बिल मागा, आणि मागितल्यावर दुकानदार कसा बोलू लागतो ते ऐका. सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरांत: *अर्ध्या किमतीत अस्सल देणारा एकतर स्वतः मूर्ख असतो किंवा तुम्हाला समजतो.* याच पुठ्ठ्याच्या चार हात पुढे थोरल्यानं काचेचं कपाट उभं केलं होतं.

थोरला बोलू लागला. या वेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता, थकवा होता, आणि धाकट्याला तो थकवा खरा वाटला. तो म्हणाला, गेल्या वर्षात नवा कोट शिवायला किती जण आले, बाबांनी बोटं मोजून सांगावं. एका हाताची पुरतील. लोक येतात ते आखूड करायला, सैल करायला. मागे दोन कारागीर होते, दोघांना जड मनानं निरोप दिला. दुकानाची पुढची अर्धी जागा ओस पडली होती, तिथे त्यानं काहीतरी उभं केलं. “बाबा, लोकांना कोट नको असतो. कोटावरचं नाव हवं असतं. तुम्ही आयुष्यभर कोट विकलात. मी नाव विकलं.”

“कुणाचं नाव?” बाबांनी विचारलं.

“कंपनीचं.”

“बाई कंपनीला विचारायला गेल्या नव्हत्या. मला विचारायला आल्या होत्या.”

थोरल्यानं नजर फिरवली. मग, आयत्या वेळी सुचल्यासारखं, तीच जुनी गोष्ट सांगितली. कंपनीच्याच कारखान्यातला जास्तीचा माल, तेच कापड, तेच कारागीर. बाहेर विकताना लेबलं कापून देतात, आपण ती परत लावतो, इतकंच. यात नकली काय?

घरात ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती. ऐकायला बरी होती. बाबांनी ती आजच पहिल्यांदा पूर्ण ऐकली आणि तिच्यातल्या एकाच शब्दावर ते थांबले.

“परत लावतो? कोण लावतं?”

बाबांनी कोट स्वतःकडे ओढला, उलटा केला, मानेपाशी आले. लेबलाच्या चारही कडांवरून अंगठा गेला. सावकाश, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे तो थांबला. परत मागे आला. परत पुढे गेला.

तिथे गाठ नव्हती.

शेवटचा टाका घातल्यावर दोरा तोडताना जगभर गाठ मारतात. या घरात मारत नाहीत. आजोबा म्हणत, गाठ म्हणजे कारागिरानं दिलेली कबुली, की आपल्याच टाक्यांवर आपला भरवसा नाही. ते दोरा उलटा फिरवून मागच्या तीन टाक्यांखालून नेत, मग दोन थरांच्या मधून बोटभर आत सरकवत आणि तिथेच कापत. बाहेर काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, आणि कोट फाटेल पण तो टाका सुटत नाही. मुका टाका म्हणत ते त्याला. तो त्यांनी बाबांना शिकवला, आत्याला शिकवला, आणि आत्यानं पुढे धाकट्याला. थोरल्याला सुईचा कंटाळा. कारागिरांना तो कधी दाखवला नाही.

“खऱ्या कोटाला,” बाबा हळू म्हणाले, “मशीनची टीप असते. वेडीवाकडी नसते, पण टीपच. दिवसाला हजार लेबलं लावणारा माणूस हातानं कशाला लावील? मी ‘हात आहे’ म्हणालो आणि पुढे गेलो. हात ओळखला. कुणाचा ते ओळखलं नाही.” ते थोडं हसले, आणि ते हसणं पाहायला नको होतं. “नकली मालाची खूण काय, तर अस्सलपेक्षा चांगलं काम. आमच्या अण्णांनी, तुमच्या आजोबांनी, हे ऐकलं असतं तर त्यांना आनंद झाला असता की नाही, कोण जाणे.”

त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरत होता. तीन वर्षांपासून थरथरत होता. हा टाका घालणारे जगात तिघंच उरले होते आणि त्यातला एक हात हा.

धाकट्याच्या घशात शब्द होता. लहानपणापासून त्याच्या बाबतीत असंच होई. शब्द वर येई, दाताशी थांबे, आणि तोवर दुसरं कुणीतरी बोलून गेलेलं असे. आताही तसंच झालं.

“मी लावली,” आत्या म्हणाली.

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की क्षणभर धाकट्यालाही खरं वाटलं. बाबांनी मान वळवली. “अक्का?”

“कपाटातली सगळी. संध्याकाळी वरच्या खोलीत बसून लावली. काजं करून करून कंटाळा आला होता. मला काय कळतंय त्यातलं? दिलं काम, केलं काम.” मग तिनं थोरल्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की थोरल्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

मग बाबा जे बोलले ते भांडण नव्हतं, म्हणून जास्त वाईट होतं. म्हणाले, अक्का, तुला मी या घरात कधी पाहुणी मानलं नाही. अण्णांनंतर या टेबलाशी मी तुझंच ऐकत आलो. पोरं चुकली असती तर समजलं असतं, पोरं आहेत. पण तुला अण्णांचा हात मिळाला होता. आजपासून तू सुई खाली ठेव.

आत्यानं मान डोलावली. ब्लाउजला अडकवलेली सुई तिनं काढली, तिच्यातला दोरा ओढून घेतला, बोटाला गुंडाळला, आणि सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. पंचेचाळीस वर्षं ती सुई रोज तिच्या छातीशी असे. तिथल्या कापडावर आता बारीक दोन छिद्रं तेवढी दिसत होती.

वहिनी उठल्या आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. दोघींचं फारसं पटत नसे. भाजी चिरण्यावरूनही त्यांचे दोन पक्ष असत. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि धाकट्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. वरच्या खोलीच्या दाराखालून येणारा दिव्याचा उजेड त्यांनी संध्याकाळी कितीदा पाहिला असेल आणि आत कोण बसलंय हेही.

तो उठणार होता. नक्की उठणार होता. तेवढ्यात दार उघडलं.

ग्रंथपाल बाई आत आल्या आणि पायपुसण्यावर चपला काढू लागल्या. चपला काढायची या दुकानात गरज नव्हती, पण त्या काढत. एकट्याच आल्या होत्या. मुलगी नाही आली म्हणाल्या, ती म्हणाली मला काही ऐकायचं नाही. त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि वाचनालयात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक पाहावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या.

बाबांनी हात जोडले. “बाई, कोट नकली आहे. मी चुकलो.”

थोरल्यानं डोळे मिटले.

बाबांनी मग त्यांना सगळं दाखवलं, नेहमी दाखवत तसं. फक्त या वेळी माल त्यांच्याच घरातला होता. कोट उलटा केला. बाहीच्या टोकाशी नख घालून चिकटवलेलं अस्तर चर्रकन सोडवलं. खिशाचं झाकण चाचपून धाकट्याला विचारलं, “पट्टे?” आणि धाकटा म्हणाला, “जुळत नाहीत.” “किती?” “गव्हाएवढा फरक आहे.” “पाठीच्या शिवणीवर?” “तिथे जास्त.” बाबांनी मान हलवली, जणू हा फरक आपण आधीच का विचारला नाही याचा हिशेब लावत. बाईंना म्हणाले, पुढच्या वेळी कुणालाच विचारू नका, मलाही नाही. स्वतः उलटा करा, स्वतः पाहा. माणसाला नाव झालं की लोक कपडा उलटा करायचं सोडतात. तिथेच फसतात.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “आणि हे लेबल? हे कुणी लावलं?”

“आमच्याच घरात लावलंय,” बाबा म्हणाले. “माझ्या बहिणीनं.”

बाईंनी आत्याकडे पाहिलं. त्यांची ओळख तीस वर्षांची. बाईंच्या लेकीच्या शाळेच्या पहिल्या झग्याची काजं आत्यानं केली होती. मग त्यांचं स्टूल किंचित मागे सरकलं, आणि लाकडाचा तो आवाज धाकट्याला आयुष्यभर पुरेल असं वाटलं.

उजेड आता पुतळ्याच्या खांद्यावर आला होता. आत्याच्या ब्लाउजवरची दोन छिद्रं त्यात स्पष्ट दिसत होती.

“आत्यानं नाही,” तो म्हणाला. “मी लावलं.”

आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. आत्या म्हणाली, गप रे, तुला कुणी विचारलं? तो गप्प झाला नाही. म्हणाला, या कपाटातलं प्रत्येक लेबल मी लावलंय. संध्याकाळी, वरच्या खोलीत. आत्यानं एकही नाही. आणि त्यानं स्वतःच्या शर्टाच्या खिशातली सुई काढून बाबांच्या हाताशी ठेवली, पुरावा म्हणून नव्हे, दुसरं काय करावं हे न सुचून.

मग एक गोष्ट घडली, जिची त्यानं अपेक्षा केली नव्हती. थोरला पुढे आला. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवून म्हणाला, “त्याला काही माहीत नव्हतं. जास्तीचा माल आहे हे मीच त्याला सांगितलं. तो लहानपणापासून मी सांगेन ते खरं मानतो. काय बोलायचं ते मला बोला.” त्याच्या शर्टाच्या बाहीला आता सुरकुती पडली होती. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, फार दिवसांनी पाहावं तसं.

आणि सगळ्यांना ते पटलं. धाकट्यानं ते एकेका चेहऱ्यावर उमटताना पाहिलं. आत्याचे खांदे सैल झाले. बाईंनी सुस्कारा सोडला. शांत, पुस्तकात डोकं खुपसलेला हा मुलगा, याला कुणीही फसवील, त्यांना वाटलं असेल. दार उघडं होतं, त्यानं फक्त आत पाऊल टाकायचं होतं. दोन महिने तो स्वतःला हेच तर सांगत आला होता. दादानं सांगितलं, मी ऐकलं. बाबांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. एक अक्षर खोटं बोललो नाही.

बाबांनी धुरकट डोळे त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवले. त्यांचा थरथरता हात टेबलावर चाचपडत पुढे आला आणि त्याच्या मनगटावर थांबला. “तुला ठाऊक नव्हतं ना?” त्यांनी विचारलं. आवाजात आर्जव होतं. बापानं मुलाला असं विचारू नये.

त्या मनगटावरचा हात त्याला पहिल्या कोटाच्या दिवसाकडे घेऊन गेला. थोरल्यानं गठ्ठा वर आणून ठेवला होता, वर लेबलांचं पाकीट. संध्याकाळ होती, पण खोलीत अजून दिवा लावावा लागला नव्हता. त्यानं वरचा कोट उचलला होता आणि या घरात जन्मलेला कुणीही जे करील ते आधी केलं होतं. उलटा केला होता. नख बाहीच्या टोकाशी गेलं होतं. पाठीच्या शिवणीवर बोट फिरलं होतं. मग त्यानं कोट मांडीवर नीट पसरला होता आणि सुईत दोरा ओवला होता, कारण बाबांचे डोळे गेल्यापासून कुणी त्याच्याकडे इतक्या आपुलकीनं काम घेऊन आलं नव्हतं, आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

“बाबा,” तो म्हणाला, “पहिलाच कोट मी उलटा करून पाहिला होता.”

बाबांनी हात काढून घेतला नाही. पुढचं त्यांना विचारावं लागलं नाही. माल नकली आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं.